रंध्याचं पाणी आणि आपली चारी

मागच्या आठवड्यात भंडारदऱ्याकडच्या धबधब्यांचे चार-पाच फोटो टाकले होते. त्यावर दोन प्रकारची विचारणा झाली. काहींनी रस्ता, राहायची सोय, गर्दी हे विचारलं. काहींनी सरळ टोमणा मारला की इकडं सोयाबीन माना टाकतंय आणि तुम्ही धबधबे बघत हिंडताय. दोघांनाही एकदमच सांगतो, कारण आम्ही जे बघायला गेलो होतो ते सोयाबीनशीच जोडलेलं होतं.

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. त्यातही आमची चारी पार शेवटाला. टेलचा शेतकरी म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. वरच्यांची भरणं होईस्तोवर आमची पाळी येत नाही, आणि आली तर रात्री दोन वाजता येते. पाऊस आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तोही सरळ पडत नाही. यंदा पेरणीनंतर एकच चांगला पाऊस झाला, पुनर्वसू, म्हणजे आपला तरणा पाऊस, नुसता ढग दाखवून गेला. दुपारी बाराला सोयाबीनची पानं उलटी व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा सावरायची. रोज पेपरात मात्र बातमी, भंडारदरा पाणलोटात मुसळधार, घाटघरला एवढे मिलिमीटर, रतनवाडीला तेवढे.

आणि घरात वेगळाच विषय चालू होता. धाकट्या मुलाला चार एकर आडसाली ऊस लावायचा होता. त्याचं म्हणणं, "दादा, धरण भरत चाललंय, पंधरा ऑगस्टच्या आत भरणार, मग भ्यायचं कशाला?" माझं म्हणणं, धरण भरणं वेगळं आणि आपली चारी भरणं वेगळं. आठ दिवस जेवताना हाच विषय. शेवटी आमचे व्याही घरी आलेले होते, ते म्हणाले, "अहो, भांडता काय ताटावर, चला एकदा पाणी येतं कुठून ते बघून येऊ." तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरच्यांनी तीस वर्षं ह्या पाण्यावर रात्री-अपरात्री दारं धरली, पण ते पाणी निघतं कुठून हे एकदाही बघितलेलं नाही. मी स्वतः दोनदा गेलेलो, तेही उन्हाळ्यात. मंगळवारी पहाटे चौघं निघालो.

संगमनेर, अकोले, मग विठ्याचा घाट, मग राजूर. साडेतीन तास धरून चला, घाटात धुकं असलं तर जास्त. शेतकऱ्यानं हा रस्ता खिडकीतून बघावा असा आहे. संगमनेरपर्यंत कोरडं आभाळ, डाळिंब, टोमॅटो, ऊस. अकोल्याला ढग खाली आले. घाट चढल्यावर वायपर लावावा लागला आणि राजूरला चहाला उतरलो तर छत्री उघडायला लागली. एकाच दिवशी, एकाच जिल्ह्यात, एका बाजूला पिकाला पाणी नाही आणि दुसऱ्या बाजूला लोक भाताच्या खाचरात गुडघ्यापर्यंत चिखलात. सह्याद्रीच्या कड्याला ढग अडतात, तिथंच मोकळे होतात आणि आमच्याकडं रिकामे येतात. शाळेत पर्जन्यछाया म्हणून शिकवलं होतं. गाडीत बसून ती अशी किलोमीटर किलोमीटरला बघायला मिळते.

राजूरच्या पुढं भंडारदऱ्याला जाताना वाटेतच रंधा धबधबा लागतो. प्रवरा नदी तिथं एका खडकाच्या कड्यावरून दीड-पावणेदोनशे फूट खाली दरीत उडी घेते. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे. धरण अजून भरायचं होतं, त्यामुळं वरून मोठा विसर्ग नव्हता, पण धरणाच्या खालच्या ओढ्यानाल्यांचंच पाणी एवढं होतं की देवळापाशी उभं राहून शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत होतं. उन्हाळ्यात हाच कडा कोरडाठाक असतो. कारण धरणातून सुटणारं पाणी वीज करण्यासाठी बोगद्यातून कोदणीच्या वीजघराकडं नेतात, ते धबधब्यावरून पडतच नाही. म्हणजे धबधब्याची जी उंची डोळ्याला दिसते तीच उंची वापरून वीज होते. पावसाळ्यात ते जास्तीचं पाणी कड्यावरून येतं, ते बघायला लोक येतात.

घरच्या कठड्याला धरून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, एवढं पाणी आन् आपल्या चारीला येतं तव्हा बांगडीएवढं कसं होतं?" व्याही हसले. मी हसलो नाही, कारण प्रश्न बरोबर होता.

मुलानं तिथंच मोबाईलवर हिशेब मांडला. तो तुम्हालाही देतो, तपासून बघा. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण अठ्ठावीस लिटर. आडसाली ऊस पाटपाण्यावर घेतला तर जमिनीनुसार अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाणी घेतो. मधलं धरलं तर एकरी एक कोटी दहा लाख लिटरच्या आसपास. रंध्यावरून समजा दोन हजार क्यूसेक पाणी पडत असेल, तर आमच्या एका एकर उसाचं सोळा-सतरा महिन्यांचं पाणी तिथून सव्वातीन मिनिटांत खाली जातं. हे ऐकून मुलगा खूश. म्हणाला, "बघा दादा, चार एकराला तेरा मिनिटं." मी म्हणालो, आता धरणावर चल, तिथं दुसरा हिशेब करू.

धरण शेंडी गावाला आहे. विल्सन डॅम. इंग्रजांनी १९१० साली काम सुरू केलं आणि १९२६ च्या डिसेंबरात गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या हातून उद्घाटन झालं. म्हणजे शंभरीचं धरण. दगडी भिंत, पावणेतीनशे फुटांच्या आसपास उंच. आमचे आजोबा सांगायचे की कालवा येण्याआधी आमच्या शिवारात बाजरी, ज्वारी आणि मटकी ह्याशिवाय काही नव्हतं आणि कोरड्या सालात माणसं गाव सोडून जायची. पुढं प्रवरेच्या ह्याच पाण्यावर लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५० चा सुमार. आमच्या भागातली पक्की घरं, शाळा, लग्नातला बँड, सगळं ह्या भिंतीमागून आलेलं आहे.

धरणाच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल म्हणून धबधबा आहे. मोरीतून पाणी सोडलं की ते एका गोल खडकावर पसरून छत्रीसारखं पडतं. आम्ही गेलो तेव्हा मोरी बंद होती, त्यामुळं नुसता ओला काळा खडक बघितला. ज्यांना तो खास बघायचा आहे त्यांनी पाणी सोडल्याची बातमी बघूनच जावं.

भिंतीवर नाही, पण खाली बागेच्या बाजूला भिजत उभं राहून दुसरा हिशेब केला. धरणाची क्षमता ११ टीएमसी, नेमकं सांगायचं तर ११,०३९ दशलक्ष घनफूट. हे सगळंच्या सगळं पाणी, एक थेंब न गळता, न आटता, फक्त आडसाली उसाला दिलं आणि वरचा पाऊस हिशेबात धरला नाही, तर पंचवीस ते तीस हजार एकर भिजेल. बस. आता लाभक्षेत्रात किती ऊस उभा असतो, गावांच्या पिण्याच्या योजना किती, एमआयडीसी किती, कालव्याची गळती किती, हे ज्याचं त्यानं मनात धरावं. त्यात खाली निळवंडे धरण झालं, सव्वाआठ टीएमसीचं. त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झालं. तिथल्या कोरडवाहू गावांनी त्या पाण्याची पन्नास वर्षं वाट बघितली, त्यांच्या हक्काचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. शिवाय समन्यायी वाटपाचा नियम आहेच, १५ ऑक्टोबरला जायकवाडी पासष्ट टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. म्हणजे भिंत तीच, डोंगर तोच, पाऊसही साधारण तेवढाच, पण ताटं वाढली. धरण भरलं ही बातमी आजोबांना जेवढी पुरायची तेवढी आम्हाला पुरत नाही.

मुलगा गप्प झाला, पण पटलं असं म्हणाला नाही. तोही आमच्यावरच गेलाय.

तिथून रतनवाडीच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता मुतखेल, कोलटेंभे करत धरणाच्या कडेकडेनं जातो आणि पावसाळ्यात दर वळणावर धबधबा. नाव असलेले, नाव नसलेले. कोलटेंभ्याचा मोठा आहे, रतनवाडीजवळ नेकलेस फॉल म्हणतात तो दोन धारांनी हारासारखा पडतो. वन्यजीव विभागाच्या नाक्यावर पावती फाडावी लागते, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा हा भाग आहे.

लोक धबधब्याची उंची बघतात, मी पाण्याचा रंग बघत होतो. ज्या डोंगराला वर जंगल शाबूत आहे तिथून येणारी धार दुधासारखी पांढरी आणि खाली डोहात साचलेलं पाणी नितळ. जिथं वर उतारावर झाडी गेली आहे, रस्त्यासाठी कापलं आहे किंवा उघडी वरकस जमीन आहे, तिथली धार चहासारखी. ती लाल माती खाली धरणात जाऊन बसते आणि पाण्याची जागा खाते. आपण शेतात बांधबंदिस्ती करतो तेव्हा जे म्हणतो की पळतं पाणी चालवा आणि चालतं पाणी थांबवा, त्याचं प्रात्यक्षिक इथं दर वळणाला आहे. कृषी महाविद्यालयाच्या पोरांची सहल धबधब्यात भिजायला न आणता हे दाखवायला आणावी असं मला वाटतं. भिजणं होतंच आपोआप.

आणि खडक. सगळा बेसॉल्ट, लाव्ह्याचे थरावर थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे सांगतात. थरांमध्ये एक कठीण, एक मऊ असं असतं. पाणी खालचा मऊ थर पोखरतं, वरचा कठीण थर आधार गेला की तुटतो, म्हणून कडा सरळ राहतो आणि धबधबा हळूहळू मागं सरकत जातो. हाच काळा दगड झिजून आपली काळी जमीन झाली. पण बघा, दगड एक आणि जमिनी दोन. वर एवढा पाऊस की जमिनीतला चुना, क्षार सगळं धुऊन जातं, माती तांबडी, हलकी, आम्लाकडं झुकलेली. आपल्याकडं पाऊस थोडा आणि पाटाचं पाणी जास्त, ते मुरतं, पुन्हा वर येतं, वाळतं आणि क्षार मागं ठेवून जातं. आमच्या शिवारात चारीलगतच्या काही रानांवर हिवाळ्यात पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं ते हेच. एकाच्या जमिनीतून धुतलेलं दुसऱ्याच्या जमिनीत साठतं.

दुपारी एका वाडीत जेवायला थांबलो. आमच्याकडं उन्हाळ कांद्याच्या काढणीला दरवर्षी वरून टोळी येते, त्यांच्या मुकादमाचं घर. मुकादम आवणीला खाचरात होता, घरी त्याचे वडील होते. बाबा ऐंशीच्या घरात असतील. तांदळाची भाकरी, कुर्डूची भाजी, वालाची आमटी आणि व्याह्यांसाठी खेकड्याचं कालवण. घरच्या माळकरी, मी आषाढ पाळतो, त्यामुळं व्याह्यांनी आमच्याही वाटणीचं खाल्लं.

खाचरं घराला लागूनच होती. राब जाळून टाकलेली रोपं, त्याच्या मुठी बांधून आवणी चाललेली. पूर्वी बायकांच्या डोक्यावर इरलं असायचं, आता प्लास्टिकचा कागद. मी चारसूत्रीचं विचारलं, दोरीवर लावता का म्हणून. बाबांची सून म्हणाली, पावसानं उसंत दिली तर लावतो, नाहीतर जमेल तसं. बरोबरच आहे. आठ-आठ दिवस उघडीप नसते तिथं दोरी कोण धरणार. गोठ्यात दोन डांगी बैल होते, काळे-पांढरे, अंगाला तेलकट चमक. त्या तेलकटपणामुळं पावसाचं पाणी कातड्यावर टिकत नाही, ओघळून जातं. एवढ्या पावसात आपली खिलार जोडी आठ दिवसात आजारी पडेल आणि जर्सीचं तर नावच नको. जनावर त्या त्या हवेतून घडलेलं असतं. ह्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना देशी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली हे सगळ्यांना माहीत आहे. बाबांच्या घरीही कणगीत काळभाताचं बी वेगळं राखून ठेवलेलं होतं, राखेत घोळून.

घरच्यांनी सहज विचारलं, "बाबा, तुमच्याकडं पाण्याची काय कमी, बारा महिने मजा." बाबांनी हात धुता धुता सांगितलं, "ताई, चैतात या. तव्हा दाखवतो." त्यांच्या वाडीच्या बायका एप्रिल-मे मध्ये हंडे घेऊन खालच्या झऱ्यावर जातात. रांग लावून वाटीवाटीनं भरतात. डोळ्यासमोर धरण, पण ते खाली, वाडी वर, आणि वाडीची विहीर फेब्रुवारीतच तळाला जाते. कारण सोपं आहे. खडकावर मातीचा थर वीत-दोन वीत. चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तो मुरायला जागाच नाही, पडला की पळाला. बाबा म्हणाले, "पानी आमच्या दारातून जातं पाव्हनं, पन थांबत नाय. तुमच्याकडं जाऊन थांबतं."

मग त्यांनी मला विचारलं, एकरात ऊस किती निघतो. मी म्हणालो चांगला साधला तर साठ-सत्तर टन. त्यांना टनाचा अंदाज येईना म्हणून मुलानं ट्रकच्या हिशेबात सांगितलं. बाबा जरा वेळ गप्प. त्यांची खाचरं सगळी मिळून अर्धा एकर नसतील, त्यावर सहा माणसं आठ महिने भात खातात. बाकीचे चार महिने कांदा काढायला आमच्याकडं येतात. म्हणजे पाणीही खाली येतं आणि त्याच्या मागं माणसंही खाली येतात, ही गोष्ट मी तीस वर्षं बांधावर त्यांची मजुरी मोजताना कधी अशी जोडून बघितली नव्हती. मुलगाही ऐकत होता. त्यानं कणगीकडं बघत बाबांना विचारलं, शेततळं घ्यायला जागा आहे का. बाबा म्हणाले, कातळ फोडायला पैसा आन ना आधी.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ बघितलं, जुनं, कोरीव, पावसात काळं-हिरवं झालेलं, बाहेर पुष्करणी. मागं रतनगड, पण ढगात, दिसला नाही. तिथंच प्रवरा उगम पावते. ह्या नदीला अमृतवाहिनी म्हणतात. आमच्याकडं म्हातारी माणसं सांगतात की समुद्रमंथनातलं अमृत मोहिनीनं खाली नेवाशाला वाटलं, आणि पंगतीत पाळी नसताना घुसून बसलेल्या राहूचं डोकं उडवलं ते राहुरीला पडलं म्हणून ते नाव. व्याही म्हणाले, "म्हणजे वाटप तेव्हाही खालीच झालं आणि पाळी मोडून पाणी घेणारा पहिला माणूसही आपल्याच जिल्ह्याचा." देवळात हसू नये, पण हसलो. आमच्या चारीवर रात्रीतून दार फोडणारे जे आहेत त्यांचं डोकं उडवायला मात्र कुठली मोहिनी येत नाही.

पुढं साम्रदवरून घाटघरला गेलो, कोकणकड्यापाशी. तिथं काही दिसेल अशी आशा नव्हती, नुसतं धुकं. मग एकदम वाऱ्यानं पडदा ओढल्यासारखं झालं आणि खाली कोकण दिसलं, हिरवंगार, दोन मिनिटं. कड्यावरून पडणारी एक धार वाऱ्यानं उलटी वर येत होती आणि आमच्याच तोंडावर पडत होती. घरच्यांना ह्याचं फार नवल वाटलं. मला नवल दुसऱ्या गोष्टीचं. ह्या कड्याच्या अलीकडं पडलेला थेंब प्रवरेतून गोदावरीला, जायकवाडीला, पार बंगालच्या उपसागराला जातो, आणि चार पावलं पलीकडं पडलेला कोकणात उतरून अरबी समुद्राला. वारा इकडून तिकडं झाला की थेंबाचं सासर बदललं. घाटघरलाच २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे, त्यात वरच्या तळ्यातलं पाणी खाली कोकणाकडं सोडून विजेची गरज असते तेव्हा वीज करतात आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवतात. मुलगा म्हणाला, हे आपल्या चारीला करता येईल का. बघा, पोरगं कुठल्या कुठं जातं.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी. शनिवार-रविवारी जाऊ नका. शेंडीपासून गाड्यांची रांग लागते आणि दारू पिऊन धबधब्याखाली नाचणारे बघायला मिळतात. आडवारी जा, म्हणजे वाडीतल्या माणसाशी बोलता येतं. जेवण तिथल्याच घरात सांगा, दोन पैसे त्यांना मिळतात. पाण्यात उतरू नका. उतरलातच तर रंगावर लक्ष ठेवा. नितळ पाणी एकदम गढूळ झालं, काडी-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की वर पाऊस वाढलेला आहे. आपल्याकडच्या ओढ्याला पूर येतो तसाच, पण इथं उतार जास्त म्हणून वेळ कमी मिळतो. त्या क्षणी चप्पल, मोबाईल काही न बघता काठावर यायचं. शेवाळलेल्या खडकावर रबरी बूट आणि अनवाणी पाय दोन्ही सारखेच घसरतात. भाताच्या बांधावरून फोटोसाठी चालू नका, बांध ओला असतो, फुटतो, आणि फुटला की त्या माणसाचं खाचर रिकामं होतं. आपल्या बांधावर असं कुणी नाचलं तर आपण काय करू तेवढं आठवावं.

रात्री अकराला घरी पोचलो. विठ्याचा घाट उतरल्यावर वायपर बंद केला आणि अकोल्याच्या पुढं आभाळात चांदण्या. गाडीत सगळे भिजलेले आणि बाहेर रस्त्याला धूळ.

उसाचं काय ठरलं, ते विचाराल. दुसऱ्या दिवशी जेवताना विषय निघालाच. मुलगा चारवरून तीनवर आला, मी एकावर होतो. घरच्या म्हणाल्या, "ज्याला रातचं दारं धरायचं त्यानं बोला." तीस वर्षं कुणी धरली ते सगळ्यांना माहीत, त्यामुळं दोघंही गप. त्यांनीच सांगितलं, दीड एकर लावा, तोही ठिबकवर, आणि बाकी रानात सोयाबीन निघाल्यावर हरभरा आणि कांदा. ठिबकनं पाणी निम्म्यापर्यंत वाचतं असं कृषी खात्याची माणसंही सांगतात, आणि आमचं शेततळं भरून घेतलं तर मे महिन्यात एखादं आवर्तन लांबलं तरी दीड एकर तग धरेल. चार एकर धरणार नाही. मुलानं मान्य केलं, पण त्याची एक अट आहे. कांदा काढणीला टोळी येईल तेव्हा मजुरी मागच्या सालापेक्षा वाढवून द्यायची आणि जाण्या-येण्याचं भाडं आपण सोसायचं. बाबांच्या घरचं जेवण त्याला लागलेलं दिसतंय. मी हो म्हणालोय. आकडा अजून ठरायचा आहे, कारण शेजारचे चार जण सोबत आले तर भाडं वाटून जाईल.

सोयाबीनसाठी जे केलं तेही सांगतो, बऱ्याच जणांचं रान असंच आहे. हलकी कोळपणी दिली. भेगा बुजतात, वरची माती मोकळी होते आणि खालची ओल उडत नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी हे म्हातारे उगीच म्हणत नव्हते. आणि सकाळच्या वेळी पोटॅशियम नायट्रेट, १३:००:४५, एक टक्क्याची फवारणी, म्हणजे दहा लिटरच्या पंपाला शंभर ग्रॅम. पानं जरा उभी राहिलीत. कालव्याला पाणी सुटल्याचं कळलंय, आमच्या चारीला यायला अजून आठ-दहा दिवस धरतो. सात नंबरचा फॉर्म भरून ठेवलाय.

एक विचारायचं आहे. टेलला, भारी काळ्या जमिनीत, आडसाली जोडओळ पद्धतीनं ठिबकवर कुणी घेतला असेल तर दोन जोडओळींत पट्टा किती फुटाचा ठेवलाय आणि पाटाचं गाळाचं पाणी शेततळ्यातून घेताना फिल्टर तुंबतो का, हे लिहा. लागण पुढच्या बुधवारी धरलीय, त्याच्या आत कळलं तर सऱ्या त्या मापानं पाडतो.